मोडीत दिलेली देगची

बायको माहेरी गेलेली असताना मी तिची भांडी मोडीत घातली आणि नॉनस्टिकचा सेट आणला.

हे मी मुद्दाम सरळ सांगून टाकलं. फिरवून सांगायला गेलो की ऐकणारा मधेच थांबवून विचारतो, "तुम्ही स्वतः?" आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. हो, स्वतः. पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या, कुणी न सांगता.

माझं भोकरदनला बी-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर मी काउंटरवर बसून शेतकऱ्यांना उपदेश करतो की बाबांनो, पाकिटावरच्या फोटोला भुलू नका, फोटोतलं कणीस फोटोतच भरतं. लोक मान डोलावतात आणि फोटो बघूनच पाकीट नेतात. त्यांना मी मनातल्या मनात बरीच नावं ठेवलेली आहेत. ती सगळी आता मला माझ्याकडे वळवून घ्यावी लागतात, कारण मीही एका खोक्यावरच्या फोटोलाच भुललो. फोटोत पांढरा शर्ट घातलेली एक बाई होती, हातात कढई, कढईत भोकरदनच्या बाजारात कधी न आलेल्या भाज्या. बाई हसत होती. स्वयंपाक करताना हसणारी बाई आमच्या घराण्यात कुणी पाहिलेली नाही. शंका तिथंच यायला हवी होती.

याची सुरुवात साडूनं केली. त्यानं संभाजीनगरला फ्लॅट घेतला आणि आम्हाला बोलावून आधी किचन दाखवलं, देवघर नंतर. किचनमध्ये सगळी भांडी एका रंगाची, एका आईच्या पोटची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं उभी. प्रत्येकावर काचेचं झाकण. साडूनं एका कढईवर झाकण ठेवलं आणि म्हणाला, "बघा, आतलं सगळं दिसतं." मी वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं, कारण जेवण बाहेरून मागवलं होतं. तरी मी वाहवा केली. नुसती वाहवा करून गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

घरी आल्यावर आमच्या मांडणीकडे पाहिलं आणि मला लाज वाटली. दोन भांडी एका मापाची नाहीत. ज्याचं झाकण त्याच्यावर नाही. आणि प्रत्येकावर कुणाचं तरी नाव घातलेलं. आमच्या लग्नात ज्यानं भांडं दिलं, त्यानं आधी त्यावर आपलं नाव घालून घेतलं. चहाच्या पातेल्यावर माझ्या एका चुलत्याचं नाव आहे, खाली 'सप्रेम भेट'. हा चुलता नंतर बांधावरून आयुष्यभर माझ्या वडिलांशी बोलला नाही, पण आमचा चहा मात्र रोज सकाळी त्याच्या प्रेमात उकळायचा. भाकरीचा लोखंडी तवा तर मधून खोल गेलेला आणि कडेनं असा काळा की त्याला हात लावला की हात धुवावा लागे. मी ठरवलं की ही सगळी अडगळ काढायची. माणसानं सुधारलं पाहिजे. सुधारणा हा शब्द डोक्यात शिरला की माझ्यासारख्या माणसापासून घर लांब ठेवावं.

संधी लवकरच मिळाली. मंठ्याला बायकोच्या भाच्याच्या मुलाचं बारसं होतं. ती तिकडे गेली. जाताना तिनं मला दुधाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, तुळशीला पाणी घालायचं सांगितलं. भांड्यांना हात लावू नका असं काही ती बोलली नाही. हे मी नंतर तिला बचाव म्हणून सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली की घर जाळू नका असंही तिनं सांगितलेलं नव्हतं.

जालन्याला मला माल आणायला जायचंच होतं. दुकानातली रिकामी पोती आणली आणि मांडणी उतरवायला लागलो. स्टीलची पातेली, ॲल्युमिनियमचं भगुणं, चुलत्याचं प्रेम, काळा तवा. खालच्या फळीवर अगदी कोपऱ्यात एक तांब्याची देगची होती. गळ्याशी चेपलेली, बुडाला काजळी, आतली कल्हई जागोजागी उडालेली. ही कुठून आली ते मला आठवेना. आमच्या घरात जी वस्तू कुठून आली ते मला आठवत नाही, ती सासरहून आली असं मी धरून चालतो. त्यामुळे ती मी जरा जास्तच आनंदानं पोत्यात टाकली.

केदारखेड्याला चहाला थांबलो. गाडी खड्ड्यातून आली तशी पोती वाजत होती. चहावाल्यानं विचारलं, कुणाचं लग्न काढलं? मी म्हटलं, लग्न नाही, घरात सुधारणा करून राह्यलो. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि चहाचे पैसे आधी मागून घेतले.

जालन्याच्या त्या दुकानाबाहेर कापडी फलक होता, 'जुनी भांडी द्या, नवा सेट न्या'. आत एक टाय लावलेला माणूस शेगडीपुढे उभा राहून तेल न घालता अंडं तळत होता. अंडं पॅनमध्ये बर्फावरून घसरावं तसं इकडून तिकडे घसरलं आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं मी. आमच्या घरात अंडं येत नाही, आलेलं नाही आणि बायको आहे तोवर येणारही नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. टायवाल्यानं मला भांड्यावरचे पाच थर समजावून सांगितले. मी पाचही थर पटल्यासारखी मान हलवत गेलो. मग माझी पोती काट्यावर गेली, काट्यावरून मागच्या दाराला गेली, आणि मी ते खोकं लहान लेकरासारखं पुढच्या सीटवर बसवून घरी आणलं.

बायको मंठ्याहून आली तेव्हा मी सगळा सेट मांडणीवर लावून ठेवला होता, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ती पिशवी हातात तशीच धरून दारात उभी राहिली. मला वाटलं, आनंदानं बोलता येत नसेल.

"तवा कुठंय?" ती म्हणाली.

मी नव्या तव्याकडे बोट दाखवलं आणि पाच थर सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या थराशी ती पाठ फिरवून हातपाय धुवायला न्हाणीकडे गेली. उरलेले तीन मी मांडणीला सांगितले.

मग तिनं स्वयंपाक सुरू केला. बाजरीची भाकरी थापली आणि त्या तव्यावर टाकली. भाकरी पडून राहिली. फुगली नाही, पापुद्रा धरला नाही, आजारी माणसासारखी फिकट तशीच राहिली. मी म्हणालो, आच जरा कमी असेल. तिनं ऐकलं नाही. तिनं तव्यावर मिरच्या आणि लसूण भाजला, मीठ टाकलं आणि नेहमीप्रमाणे तांब्या उचलून त्याच्या बुडानं तव्यातच ठेचा रगडायला घेतला. खर्र, खर्र, खर्र. आमच्याकडे ठेचा असाच होतो, तव्यात, तांब्याच्या बुडाखाली. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की या भांड्यांना फक्त लाकडी चमचा लावावा. मी तो कागद हातात घेऊन उभा होतो. तिचा चेहरा बघून मी कागदाची घडी घातली.

ताटात ठेचा आला. हिरव्यात बारीक काळं काहीतरी होतं.

"यात काळं काय आहे गं?"

"तुमचा सेट," ती म्हणाली. "जेवा."

मी कोरडी भाकरी खाल्ली. वाटलं, झालं, एवढ्यावर सुटलो. तवा एक नवा लोखंडी आणून देऊ, बाकीचं ती हळूहळू विसरेल. तेवढ्यात ती जेवण झाकून ठेवायला खाली वाकली, कोपऱ्यात हात घातला आणि तशीच थांबली.

"आपाची देगची कुठंय?"

आपा म्हणजे आमच्या शेजारीण. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नवरा गाद्या भरायचं काम करतो. मी त्यांना आपा म्हणतो, त्या मला भाऊ आणि बायकोला भाभी म्हणतात. आम्ही या गल्लीत आलो तेव्हापासून दोन्ही घरांत भांड्यांची ये-जा आहे, आणि त्याचा एक नियम आहे जो मला सोडून गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होता. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यांच्याकडून काही आलं की ते भांडं आमच्याकडे राहतं, आपल्याकडे काही खास होईपर्यंत. मग ते भरून जातं, आणि आपलं भांडं तिकडे असेल तर तेही कधीतरी भरून येतं. म्हणजे मांडणीवर जे दिसतं ते सगळं आपलं कधीच नसतं. इतकी वर्षं त्या भांड्यांतलं मी चवीनं खात आलो, पण भांडं कुणाचं हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

ईदेला आपाकडून शीरखुर्मा आला होता, तो त्या देगचीत. वर्षातून एकदाच त्या तो तिच्यात करतात आणि पहिला आमच्याकडे पाठवतात, तिच्यासकट. बायकोनं ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुरणपोळ्यांसाठी ठेवली होती. ती देगची आपाच्या आईची. आणि आखाजीनंतर लगेच आपाच्या लेकीचं लग्न होतं, आणि कल्हई करून ती देगची लेकीच्या सामानात जायची होती. हे सगळं बायकोनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं. ती मोठ्यानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मध्ये भिंत एकच होती.

"तिच्या अम्मीची तेवढी एकच वस्तू हाय तिच्याकडं," ती म्हणाली. "माझं समदं नेलं त्याचं न्हाई काही. पर ती आणा. आपाला कळायच्या आत आणा. न्हाई तर मी त्या घरात पाय कोणत्या तोंडानं ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच जालना. दुकानात टायवाला तेच करत होता, अंडं घसरत होतं, नवीन लोक टाळ्या वाजवत होते. मला त्यानं ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. माझ्याही चेहऱ्यावर आदल्या दिवशीचं तेज नव्हतं म्हणा. मोड परत मिळत नाही, तो म्हणाला, भंगारवाला रोज उचलून नेतो. मग भंगारवाल्याचं गोदाम. जालन्यात लोखंड भंगारात पडलं की ते भट्टीतून सळई होऊनच बाहेर येतं. माझा तवा तर गेलाच होता. आता तो कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल, साडूच्या गच्चीवर असला तरी मला नवल वाटणार नाही.

तांबं-पितळ मात्र वेगळं काढलेलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा ढीग, आणि शेडमध्ये असा उकाडा की ढीग आपोआप वितळावा. भंगारवाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कलिंगड खात होता. मी माझं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, "शोधा की." आणि बी थुंकली.

मी ढिगात शिरलो. बियाण्याचा प्रतिष्ठित व्यापारी, पांढरा शर्ट, बाह्या वर करून घंगाळांखालून वाट काढून राह्यला. देगच्या बऱ्याच निघाल्या. सगळ्या चेपलेल्या, सगळ्या काळ्या. मला माझी, म्हणजे आपाची, ओळखू येईना. शेवटी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, बुडाला नाव हाय, उर्दूत, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. मी विचारलं, काय नाव? ती म्हणाली, अम्मीचं. मी म्हटलं, अम्मीचं नाव काय? इतक्या वर्षांत तिनंही अम्मीला अम्मीच म्हटलं होतं.

बुडं घासत बसलो. उर्दू ठिपके तीन देगच्यांवर निघाले. भंगारवाल्याला विचारलं, वाचता येतं का? तो म्हणाला, मी फक्त काटा वाचतो. पुन्हा फोन केला. बायकोनं सांगितलं, तिन्ही घ्या, सरळ घरी आणा, मी बघितली की ओळखते. आणि आपाला काही बोलू नका. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. दुधाचं, कुलपाचं, तुळशीचं तिनं एकदाच सांगितलं होतं, म्हणजे माझ्याबद्दलचं तिचं मत तेवढ्यात कुठं जाऊन पोचलं होतं ते बघा.

भंगारवाल्यानं तिन्ही देगच्या मला नव्या भांड्याच्या भावानं विकल्या. घासाघीस करायला माझ्याकडे तोंड नव्हतं, होतं त्यावर काजळी होती.

गल्लीत आलो तेव्हा ऊन उतरत होतं. आपा ओट्यावर बसून लग्नाचे तांदूळ निवडत होत्या. मी पोतं खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यासमोरून चोरासारखा निघालो. नेहमीसारखा चाललो असतो तर त्यांनी वर बघितलंही नसतं. पोतं वाजलं.

"क्या लाए भाऊ?" आपांनी विचारलं.

काय सांगता आलं नसतं? बियाणं म्हणता आलं असतं. खत म्हणता आलं असतं. मी दिवसभर दुकानात जे बोलतो त्यातलं काहीही चाललं असतं. पण मी दमलो होतो, आणि दमलो की मला प्रामाणिकपणाचा झटका येतो. मी पोतं त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवलं, तिन्ही देगच्या काढून ओळीनं लावल्या, थोरलीपासून धाकटीपर्यंत, आणि विचारलं, "आपा, यातली तुमची कोणती?"

आपांनी मधली उचलली. बघायला त्यांना वेळच लागला नाही. बुडावरून एकदा बोट फिरवलं, मग ती तिरकी करून आत बघितलं.

"भाभीनं रिकामी पाठवली?"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बायकोची बाजू सावरावीशी वाटली. मी घाईघाईनं म्हणालो, "छे छे, तिनं नाही, भंगारवाल्यानं."

आपांनी देगची पदराखाली घेतली, तांदळाचं सूप तसंच ओट्यावर ठेवलं आणि आत गेल्या. दार लोटलं. ते दार दिवसा लोटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मागं वळलो तर आमच्या दारात बायको उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. पुढं दोन दिवस माझ्याशी बोलायचं काम तिनं ताटाकडे सोपवलं होतं. ताट जोरात ठेवलं की जेवण झालंय, असा अर्थ.

आखाजीच्या सकाळी तिनं पुरण घातलं. भोकरदनच्या बाजारातून नवा लोखंडी तवा मीच आणून दिला होता. तोही पहिल्या पोळीला चिकटला, पण त्याच्यावर ती रागावली नाही. त्याला तेल पाजत, समजूत घालत तिनं पोळ्या केल्या. मग पदराला हात पुसून ती आपाच्या दारात गेली. मी खिडकीशी होतो.

आपांनी दार उघडलं. बायको म्हणाली, "आपा, ती देगची दे."

"कशाला?"

"माझी न्हाई झाली अजून परत करून. यांनी आणली ती धरायची न्हाई."

आपा आत गेल्या आणि देगची आणून तिच्या हातात दिली. बायकोनं घरी येऊन ती चिंचेनं घासली. कल्हई उडालेली, म्हणून आमरस त्यात नको, असं म्हणत आत धुतलेलं पांढरं कापड घातलं, पोळ्यांच्या घड्या रचल्या आणि देगची माझ्या हातात दिली. बोलणं तेव्हा सुरू झालं. "धरा. सरळ चाला. आन तोंड उघडू नका."

ती पुढं, मी मागं. देगची गरम होती, हात भाजत होते, पण बोलायची मनाई होती. आपा ओट्यावर उभ्या होत्या, मागं त्यांची लेक, तोंडाला ओढणी लावून हसणारी. आपांनी देगची घेतली, कापड उचललं, वास घेतला आणि कापड परत नीट झाकलं.

"लेकीला दिल्यावर तिथून पुढच्या ईदेला येईल बघ शीरखुर्मा," आपा बायकोला म्हणाल्या. "हिच्यातच."

"मी सोत्ता कुलपात ठेवते," बायको म्हणाली.

एवढ्यावर माझी सुटका झाली असं वाटून मी जरा हसलो. मी भंगारात किती हाल काढले हेही कुणीतरी विचारावं असं मला वाटत होतं. आपांनी माझ्याकडे बघितलं, शर्टावरच्या न निघालेल्या काजळीकडे बघितलं, आणि विचारलं ते बायकोलाच.

"भाभी, हे सोत्ता गेल्ते त्या भंगारवाल्याकडं?"

"गेल्ते की. दिवसभर होते तिथं."

"मंग त्यानं यांनाच ठेवून कसं न्हाई घेतलं?"